चोपन्न महिन्यांचं उदाहरण

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एका गोष्टीवर कधी तडजोड केली नाही: कच्चं काम खोडायचं नाही. उत्तर चुकलं तर चुकलं, त्याचे मार्क जातील, जगबुडी होणार नाही. पण पानाच्या मागच्या बाजूला केलेली आकडेमोड खोडली, तर बाईंचा पारा चढायचा. त्या म्हणायच्या, “पुढच्या बाजूला तुम्ही मला दाखवायला लिहिता. मागच्या बाजूला तुम्ही खरे असता.” पेपर तपासताना त्या आधी पान उलटून मागची बाजू बघत आणि मगच पुढच्या उत्तराकडे वळत. शिवाय कुठे एखादी संख्या आकाशातून पडल्यासारखी आली, की समासात लाल पेनाने लिहीत: ‘कारण लिहा.’ त्या दोन शब्दांनी वर्गच्या वर्ग रडकुंडीला आणले होते.

घरीही तेच. नवरा होता तेव्हा त्याची विम्याची कागदपत्रं त्यांनी तपासली, तो गेल्यावर मुलाच्या घराचे हप्ते तपासले. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता, वीस-वीस मजल्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट उघडून बसायचा, चाळिशी ओलांडली होती. पण आकडेमोडीचा कागद आईच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय त्याचं कोणतंही काम पुरं होत नसे. सून म्हणायची, “ह्यांनी लग्नाला होकारसुद्धा आईंकडून तपासून घेतला असणार.” ते काही खोटं नव्हतं.

तर अशा घरात गाडी घ्यायची वेळ आली, ती हौसेनं नव्हे. बाईंच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आलं, आणि जवळच्या दवाखान्यात जागा नाही म्हणून बेचाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयातली सकाळची पाळी मिळाली. जुनी गाडी दोन महिन्यांतच धापा टाकायला लागली. एकदा भर पुलावर बंद पडली, बाई आत बसलेल्या, मागे हॉर्नचा गोंगाट. त्या दिवशी मुलगा म्हणाला, “बस झालं. नवी गाडी घेऊ.”

शोरूममध्ये बाईही गेल्या. तिथला विक्रेता म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. शाळेत त्याला सगळे ‘काठावरचा’ म्हणत, कारण गणितात तो दर वर्षी बरोबर काठावर पास व्हायचा, ना एक मार्क कमी, ना एक जास्त. आता गळ्यात टाय आणि चेहऱ्यावर तुळतुळीत हसू. बाईंना बघून मात्र त्याचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

“बाई, तुम्ही हायब्रिडच घ्या,” तो म्हणाला. “काय असतं माहितीये का, आपण ब्रेक मारला की गाडीची जी ताकद वाया जाते ना, ती ह्यात बॅटरीत साठते. मग हळू चालताना, सिग्नलला, गाडी पेट्रोल पितच नाही. सकाळच्या गर्दीच्या रस्त्याला तर सोन्याहून पिवळं.”

“म्हणजे थांबण्याचंसुद्धा काहीतरी मिळतं,” बाई म्हणाल्या. त्यांना ती कल्पना फार आवडली.

“बरोबर, बाई! आणि बॅटरीला आठ वर्षांची गॅरंटी.”

“बरं आहे बॅटरीचं. आमच्या अवयवांना कुणी लिहून दिली नव्हती.”

काठावरचा मोठ्यानं हसला, मुलगा हसला नाही. त्यानं विचारलं, “साध्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा ही केवढ्यानं महाग?” काठावरच्यानं आकडा सांगितला. मुलानं ओठ चावला. मग काठावरच्यानं सगळे विक्रेते विचारतात तेच दोन प्रश्न विचारले.

“महिन्याचं रनिंग किती होईल साहेब? आणि असं रनिंग किती वर्षं राहील?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलानं पटकन दिलं. दुसऱ्या प्रश्नाला त्यानं आईकडे पाहिलं, मग गाडीच्या चाकाकडे, मग छताकडे. “बघू,” तो म्हणाला. “घरी जाऊन आकडे मांडतो.” जिभेवर आलेलं काहीतरी त्यानं गिळलं, एवढं बाईंना दिसलं. त्यांना वाटलं, पैशाचा विचार करतोय बिचारा.

दोन दिवसांनी त्यानं कागद आणून आईच्या टेबलावर ठेवला. “जरा बघतेस का?” म्हणाला आणि आंघोळीला गेला.

पुढची बाजू नीटनेटकी होती. हायब्रिडचे जादा पैसे पेट्रोलच्या बचतीतून भरून निघायला गाडी सत्तर हजार दोनशे किलोमीटर पळायला हवी. महिन्याला तेराशे किलोमीटर धरले तर चोपन्न महिने. खाली रेघ आणि निष्कर्ष: ‘हायब्रिड परवडत नाही. साधी पेट्रोल घ्यावी.’ बाईंच्या कपाळाला आठी पडली. चोपन्न महिने म्हणजे साडेचार वर्षं. गाडी तर दहा वर्षं वापरणार. मग परवडत कशी नाही?

त्यांनी सवयीनं पान उलटलं.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं. आठवड्याला तीन फेऱ्या, महिन्याला तेरा, एका फेरीचे चौऱ्याऐंशी, म्हणजे एक हजार ब्याण्णव. घरचं किरकोळ दोनशे. एकूण बाराशे ब्याण्णव, तेराशे धरले. आसन्न किंमत, चालेल. त्याखाली: ‘आई: २४ महिने.’ मग चोवीस गुणिले तेराशे, एकतीस हजार दोनशे. उरले एकोणचाळीस हजार. ‘नंतर महिना २००.’ एकोणचाळीस हजार भागिले दोनशे, एकशे पंचाण्णव महिने. त्यापुढे एक उद्गारचिन्ह.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांना आधी गणित कळलं आणि मग अर्थ. दोन वर्षं गाडी रुग्णालयाच्या वाटेनं पळणार. त्यानंतर त्या वाटेनं नेण्यासारखं घरात कुणी उरणार नाही. मग बाजार, सुनेचं माहेर, महिन्याला दोनशे किलोमीटर. तेवढ्यावर जादा पैसे सुटायला आणखी सव्वासोळा वर्षं. बरोबर आहे. नाहीच परवडत.

पोटच्या पोरानं आपल्या मरणाची तारीख गाडीच्या हिशेबात धरली, आणि तो कागद आपल्याच हातात आणून दिला तपासायला! बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. दुसरी एखादी आई असती तर तिनं दार ठोठावलं असतं, आकांत केला असता. बाईंनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि पहिल्या पायरीपासून गणित तपासलं. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. चोवीस ह्या आकड्यापाशी पेन अडखळलं. एकतीस वर्षं जे दोन शब्द त्या अशा जागी लिहीत आल्या होत्या, ते त्यांनी लिहिले नाहीत. खाली बरोबरची खूण केली, लफ्फेदार, आणि कागद होता तिथे ठेवून दिला.

मुलगा बाहेर आला, त्यानं कागद उचलला. दोन्ही बाजू बघितल्या. खुणेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. “बरोबर आहे?” त्यानं विचारलं.

“बरोबर आहे.”

“काही... विचारायचं नाही ना तुला?”

“गणितात विचारण्यासारखं काय असतं? घे साधी गाडी.”

कागद घेऊन तो कामाला गेला. साधी पेट्रोलची गाडी आली. कागद इतर कागदपत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या पुढच्या कप्प्यात गेला. आणि बाईंनी मनाशी एक खूणगाठ बांधली: सत्तर हजार दोनशे किलोमीटरचा आकडा मी ह्या गाडीत बसून बघणार. त्या दिवशी त्याला सांगणार, तुझं उदाहरण चुकलं. तोपर्यंत मरणाला सांगा, रांगेत थांब.

माणसं औषधांवर जगतात, कुणी नातवंडांच्या ओढीनं जगतात. बाई रागावर जगल्या, आणि राग हे मोठं टिकाऊ इंधन आहे. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. बाई घोटसुद्धा मोजत. चहा अर्धा कप म्हणजे अर्धा. फळं बंद म्हणजे बंद. शेजारच्या खुर्चीवरचे पेशंट चोरून काहीबाही खात, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढवून येत आणि नर्सची बोलणी खात. बाईंचं वजन कधी दोनशे ग्रॅम इकडचं तिकडे झालं नाही. नर्स सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायची. चार-चार तास यंत्राला जोडलेल्या, हातात सुया, डोळे छताला. आणि डोक्यात तेराशे, सव्वीसशे, एकोणचाळीसशे.

गाडीत त्या पुढच्या सीटवर बसत, कारण तिथून आकडा दिसे. मुलगा सुरुवातीला बोलायचा. त्यानं कंपनीत विनवण्या करून त्या तीन दिवसांचं काम दुपारी करून घेतलं होतं, त्यापायी वरची जागा हातची गेली होती, ते त्यानं आईला कधी सांगितलं नाही, सुनेनं सांगितलं. वाटेत तो लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांच्या गमती सांगायचा. एक जाड गृहस्थ आणि त्यांच्याशी कोर्टात भांडत असलेला शेजारी, दोघंच अडकले होते तीन तास. बाहेर आले तर खटला मिटलेला. बाईंना हसू यायचं, पण त्या मूग गिळून बसत. ‘हं’ म्हणत. कधी ‘रस्त्याकडे बघ’ म्हणत. हसल्या असत्या तर राग पातळ झाला असता, आणि तो तर पुरवून वापरायचा होता.

हळूहळू मुलाच्या गमती संपल्या. मग तो रेडिओ लावायला लागला. मग तोही लावेनासा झाला.

गाडी घेऊन बरोबर एक वर्ष झालं त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. परतीच्या वाटेवर तळ्याकाठी आइस्क्रीमचं एक छोटं दुकान होतं, दारावर रंगीत छत्री. मुलानं गाडी अचानक तिथे वळवली. उतरून गेला आणि एक सर्वांत लहान कप आणि दोन चमचे घेऊन आला. चेहरा असा फुललेला की बाईंना त्याचा शाळेतला निकालाचा दिवस आठवला.

“आज काय आहे?” बाईंनी विचारलं.

“काही नाही. सहज. नर्सला विचारलंय मी, एवढंसं चालतं. आजच्या पाण्यात धर.”

बाईंच्या मनात आकडे पटकन जुळले. बारा महिने. चोवीसातले बारा. अर्धं झालं! निम्मी वाट सरली म्हणून हा साजरं करतोय की काय? “माझं पाणी मोजून आहे,” त्या म्हणाल्या. “आइस्क्रीममध्ये घालवायला नाही. तुझा आनंद तू खा.”

बाहेर उभा राहून त्यानं एक चमचा खाल्ला आणि बाकीचा कप कचऱ्याच्या डब्यात टाकला.

चोविसावा महिना आला आणि गेला. बाई त्या दिवशी डायलिसिसच्या खुर्चीत राणीसारख्या बसल्या होत्या. डॉक्टर फेरीवर आले, रिपोर्ट बघून म्हणाले, “आजी, तुम्ही तर आम्हाला खोटं पाडलंत.” बाई म्हणाल्या, “तुम्ही एकटे नाही त्यात.” डॉक्टरांना वाटलं, विनोद आहे.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, ते बाईंसारख्यांना बघूनच म्हटलं असणार. शरीर वाळून काठी झालं, हातावर सुयांच्या जागी गाठी आल्या, रात्री पायांत गोळे यायचे. पण आकडा चुकायचा नाही. मध्ये पेट्रोल महागलं, म्हणजे खरं तर वसुलीचा आकडा अलीकडे आला असता. पण उदाहरणातले आकडे मध्येच बदलायचे नाहीत हा वर्गातला नियम त्यांनी स्वतःलाही लावला. सत्तर हजार दोनशे म्हणजे सत्तर हजार दोनशे.

तिसऱ्या वर्षी एकदा पेट्रोलपंपावर टाकी भरताना मुलगा मीटरकडे बघत पुटपुटला, “हायब्रिड घेतली असती तर बरं झालं असतं.” म्हणाला आणि त्याच क्षणी त्यानं आईकडे पाहिलं. बाईंनी नजर रोखून धरली. त्यानंच खाली घातली. इतकं गोड त्या तीन वर्षांत बाईंना काही लागलं नव्हतं. घरी आल्यावर कितीतरी वेळ त्या ते चघळत बसल्या.

त्याच सुमारास सुनेनं एकदा तोंड उघडलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायची, नजर तिची चांगली होती. “आई, एक विचारू?” ती कपडे घडी घालता घालता म्हणाली. “तुम्ही ह्यांच्याशी असं का वागता? माझ्याशी बोलता, शेजारणीशी बोलता, नर्सशी तर हसताही. ह्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

“तुझ्या नवऱ्याला विचार.”

“विचारलं. ते म्हणतात, आजारपणात माणूस जवळच्यावरच राग काढतं, तिला काही बोलू नकोस.” तिनं एक टॉवेल झटकला. “मी बोलणार नव्हते. पण मला आता त्यांची काळजी वाटते, तुमची नाही.”

लागायला हवं होतं ते बोलणं, पण लागलं नाही. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला,’ एवढंच बाईंच्या मनात आलं. त्या वेळी गाडी एकेचाळीस हजारांवर होती.

आणि एकदाचा तो दिवस उजाडला. सकाळी गाडीत बसल्या तेव्हा आकडा होता सत्तर हजार एकशे अठ्ठ्याहत्तर. अजून बावीस. बाईंनी आदल्या दिवशी केस धुतले होते, चांगली साडी नेसल्या होत्या, पर्समध्ये लाल पेन होतं. रस्ता नेहमीचाच: उड्डाणपूल, गोदामं, टायरची दुकानं, मग तळं. बाई एकेक किलोमीटर मनात म्हणत होत्या. मुलाचे केस कानांवर पांढरे झालेले त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले. कधी झाले कुणास ठाऊक.

टायरची दुकानं मागे पडली आणि आकडा फिरला.

“गाडी बाजूला घे,” बाई म्हणाल्या.

“का? दुखतंय का कुठे?” त्यानं घाबरून गाडी कडेला घेतली. “मळमळतंय?”

“आकडा वाच.”

त्यानं वाचला. “सत्तर हजार दोनशे. बरं, मग?”

साडेचार वर्षं घोळवलेलं वाक्य बाईंनी सावकाश उच्चारलं. “तुझं उदाहरण चुकलं, बाळा. मी चोवीस महिन्यांची नव्हते.” त्यांनी पुढचा कप्पा उघडला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो कागद काढला आणि उलटा करून त्याच्या मांडीवर ठेवला. पेन्सिल फिकट झाली होती, पण वाचता येत होती. खोडलेलं काहीच नव्हतं.

मुलगा कागदाकडे बघत राहिला. बाई वाट बघत होत्या. तो आता खाली मान घालेल, रडेल, पाय धरेल. मग त्या क्षमा करतील की नाही, ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

“ह्याच्यासाठी?” तो म्हणाला. “तू माझ्याशी बोलत नव्हतीस, ते ह्याच्यासाठी?”

“मग कशासाठी असणार? माझ्या मरणाचा हिशेब...”

“नऊ महिने,” तो म्हणाला.

“काय?”

“डॉक्टर नऊ महिने म्हणाले होते. कॉरिडॉरमध्ये. नऊ, फार तर वर्ष. मी चोवीस धरले.” त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. “खरं तर नऊ धरायला हवे होते. पेन्सिल चालेना. मग बारा लिहावे म्हटलं, तेही होईना. शेवटी म्हटलं, चोवीस. जेवढे म्हणून ओढता येतील तेवढे ओढले मी, आई. चोपन्नपर्यंत ओढले असते तर तू म्हटलं असतंस, हे कुठून आलं?”

बाईंनी कागदावरचे चोवीस पुन्हा वाचले.

“तुला तोंडानं सांगायची हिंमत नव्हती माझ्यात. म्हणून खोडलं नाही. मला माहीत होतं, तू पान उलटणार. चोवीस बघणार आणि विचारणार, कारण सांग. मग मी सांगितलं असतं. बाथरूममध्ये नळ सोडून नुसता उभा होतो मी. बाहेर आलो तर बरोबरची खूण. मला वाटलं, हिला सगळं कळलं, आणि हिला त्यावर बोलायचं नाही. मग मीही नाही बोललो.” त्यानं कागदाची घडी घातली. “सगळ्या वर्गाला कारण विचारायचीस. मला एकट्याला विचारलं नाहीस.”

शेजारून ट्रक गेला, गाडी हलली. बाईंना काहीतरी धरायला हवं होतं, त्यांनी पर्स धरली. “आणि ते आइस्क्रीम?” त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

“वर्ष उलटलं होतं. डॉक्टरांचं वर्ष. तू जिवंत होतीस.”

मग तोच बोलला, समोर रस्त्याकडे बघत. “आता तू विचारतेच आहेस तर सगळंच सांगतो. वर्ष झालं तेव्हा आनंद झाला. चोवीस झाले तेव्हाही झाला, पण तुझा चेहरा बघून गप्प बसलो. छत्तीस झाले तेव्हा काहीच वाटलं नाही. आता मला नुसता रस्ता दिसतो. कधी कधी वाटतं, संपू दे एकदाचा. तू नव्हे, रस्ता. पण ते एकच आहे ना? चोपन्न महिने, आई. महिन्याला तेरा फेऱ्या.”

“सातशे दोन,” बाई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं.

तो हसला. ते हसू बघण्यापेक्षा त्यानं शिवी दिलेली परवडली असती. “बरोबर,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

रुग्णालयात त्यानं नेहमीसारखी पिशवी उचलली, काट्यावर वजन होईपर्यंत उभा राहिला, नर्सकडे फाइल दिली. कशात काही कमी केलं नाही. फक्त ‘येतो’ म्हणाला नाही. बाई खुर्चीत बसल्या, सुया लागल्या, यंत्र फिरायला लागलं. नर्स म्हणाली, “आज नटून आलात आजी. काही विशेष?” त्यांनी मान हलवली. आज मोजायला काही नव्हतं. राग कुठे गेला ते त्यांनी स्वतःच्या आत शोधून पाहिलं, तो जागेवर नव्हता. आणि त्याच्यावरच तर सगळा डोलारा उभा होता. चार तास त्या फक्त एकच गोष्ट घोकत राहिल्या: परतताना बोलायचं. काहीही बोलायचं. त्या जाड गृहस्थांची आणि शेजाऱ्याची गोष्ट पुन्हा सांग म्हणायचं. हसायचं.

परतीला त्या गाडीत बसल्या. आकडा बघितला नाही. गाडी निघाली, मोठ्या चौकातल्या गर्दीत अडकली, पुन्हा निघाली. मुलाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. चार-पाच वाक्यं बाईंच्या ओठांपर्यंत आली आणि तिथेच राहिली. इतक्या वर्षांनी तोंडाचं कुलूप असं मागितल्याबरोबर उघडत नाही. तळं दिसायला लागलं तेव्हा त्यांनी सगळं बळ एकवटलं.

“ऐक ना,” त्या म्हणाल्या. “ते आइस्क्रीमचं दुकान आलं की गाडी थांबव जरा. एक लहान कप घेऊ. आजच्या पाण्यात धरते मी.”

मुलानं गाडीचा वेग कमी केला नाही.

“ते दुकान बंद झालं, आई. दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “त्याच्यावरूनच जातो आपण, आठवड्यातून तीनदा.”